सेकंदाला ३७० किलोमीटर : विश्वातल्या मोठ्या गती आणि पार्श्वभूमी प्रारण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दादर-पार्ल्यातली व्याख्यानं संपल्यावर चहाच्या रांगेत, किंवा वांगणीला आकाशदर्शनाच्या रात्री ढग आले की हे प्रश्न हमखास येतात. महास्फोट कसा झाला हे बऱ्याच जणांनी कुठेतरी वाचलेलं असतं. पण त्या काळच्या प्रकाशात आपण स्वतः किती वेगाने धावतोय हेही वाचता येतं, हे ऐकल्यावर लोक पुन्हा खुर्चीत बसतात. म्हणून हे पान.

पार्श्वभूमी प्रारण म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगाल?

विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं होईपर्यंत इतकं तापलेलं होतं की इलेक्ट्रॉन सुटे फिरत होते आणि प्रकाश त्यांच्यावर सारखा आपटत होता. विश्व थंड झालं, इलेक्ट्रॉन अणूंमध्ये बांधले गेले आणि प्रकाश मोकळा सुटला. तोच प्रकाश १३.८ अब्ज वर्षं प्रवास करून आज आपल्यापर्यंत पोचतोय. मधल्या काळात विश्व सुमारे अकराशे पट ताणलं गेलं, त्यामुळे त्याच्या लहरीही तेवढ्याच ताणल्या गेल्या. आता तो सूक्ष्मलहरींच्या रूपात दिसतो आणि त्याचं तापमान २.७२५५ केल्विन आहे, म्हणजे उणे २७० अंश सेल्सिअस.

अर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना अमेरिकेत न्यू जर्सीच्या होमडेल इथल्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात तो १९६४-६५ मध्ये सापडला. १९७८ साली त्यांना नोबेल मिळालं. तुमच्या बोटाच्या पेराएवढ्या जागेत, म्हणजे एका घन सेंटिमीटरमध्ये, या प्रारणाचे सुमारे ४११ फोटॉन आत्ता आहेत. चर्चगेटच्या फलाटावर असोत की दोन दीर्घिकांमधल्या (म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांमधल्या) पोकळीत, आकडा तोच.

ते निळ्या-तांबड्या ठिपक्यांचं अंडाकृती चित्र पाहिलंय. त्यात आपली गती कुठे दिसते?

दिसत नाही. पुसून टाकलेली असते.

माझी या विषयातली जुनी तक्रार हीच आहे. प्लँक उपग्रहाचं ते चित्र पाठ्यपुस्तकांत, भिंतीवरच्या तक्त्यांत, टी-शर्टांवर सगळीकडे छापलेलं असतं. त्यातले ठिपके म्हणजे सरासरीपेक्षा एक लाखात एक भाग इतका फरक, म्हणजे काही दहा मायक्रोकेल्विन (केल्विनचे दहा लाखावे भाग). पण उपग्रहाने जे प्रत्यक्ष मोजलं त्यात सगळ्यात ठळक गोष्ट ठिपके नसतात. आकाशाची एक बाजू जराशी गरम आणि बरोबर समोरची बाजू तेवढीच थंड, असा एक सलग उतार असतो. त्याची उंची ३.३६ मिलिकेल्विन, म्हणजे ठिपक्यांच्या जवळपास शंभरपट. याला द्विध्रुव म्हणतात. हा उतार विश्वाच्या जन्मातून आलेला नाही, आपल्या धावण्यातून आलेला आहे. विश्वाच्या जन्माचा अभ्यास करणाऱ्यांना तो नको असतो, म्हणून ते तो वजा करतात. मग आपल्या आकाशगंगेतल्या धूळ-वायूचं प्रारण वजा करतात. उरतं ते चित्र छापतात.

वजा करण्यात चूक काहीच नाही. पण चित्राखाली तसं लिहायला हवं होतं.

पण धावल्याने तापमान का बदलावं?

माटुंग्याच्या फलाटावर उभं राहून न थांबता जाणाऱ्या फास्ट लोकलचा भोंगा ऐका. गाडी येत असते तोवर आवाज चढा असतो आणि समोरून निघून गेली की एकदम उतरतो. प्रकाशाचंही तसंच होतं. आपण ज्या दिशेला जातो तिकडून येणाऱ्या लहरी थोड्या आखडतात, मागून येणाऱ्या थोड्या ताणल्या जातात.

पार्श्वभूमी प्रारणाच्या बाबतीत एक सोय अशी की ते जवळजवळ परिपूर्ण कृष्णिका प्रारण आहे, म्हणजे त्यात कोणत्या लहरी किती हे फक्त तापमानावरून ठरतं. कोबे उपग्रहाने १९९० च्या सुमारास ते इतकं काटेकोर मोजलं की आलेखावर त्रुटींच्या रेषा दिसतच नव्हत्या. अशा प्रारणाच्या सगळ्या लहरी एकाच प्रमाणात आखडल्या तर जे तयार होतं तेही कृष्णिका प्रारणच असतं, फक्त जरा जास्त तापमानाचं. त्यामुळे गती थेट तापमानात वाचता येते. तापमानातला फरक भागिले सरासरी तापमान, बरोबर आपला वेग भागिले प्रकाशाचा वेग. त्यातून सूर्यमालेचा वेग येतो सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर, ताशी तेरा लाख किलोमीटरच्या वर.

आणि आपण चाललोय कुठे? मुंबईतून ती जागा दाखवता येईल?

येईल, आणि दुर्बीणही लागणार नाही. एप्रिलच्या मध्यात रात्री सव्वादहाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. वर डोक्याजवळ सिंह राशीतली मघा शोधा. खाली दक्षिणेला जरा डावीकडे हस्ताचा छोटा, वाकडा चौकोन दिसतो. या दोघांच्या साधारण मधोमध, सिंह आणि चषक या तारकासमूहांच्या सीमेवर, आपली दिशा आहे. मुंबईच्या अक्षांशावरून त्या वेळी ती क्षितिजापासून सुमारे ६४ अंश उंच असते. तिथे डोळ्यांत भरेल असा एकही तारा नाही. मरीन ड्राइव्हच्या दिव्यांत हस्त सापडणं कठीण, पण मघा सापडते. कर्जतच्या बाजूला गेलात तर दोन्ही सहज सापडतात.

आपण जिथून दूर जातोय ती बाजू बरोबर विरुद्ध, मीन राशीत, पूर्वा भाद्रपदाच्या दोन ताऱ्यांतल्या खालच्या ताऱ्याच्या जरा खाली. ती बघायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी.

३७० हा वेग पृथ्वीचा, सूर्याचा की आकाशगंगेचा?

सगळ्यांची बेरीज, आणि ही बेरीज सरळ नाही, दिशांसकट करायची आहे. या विषयातली खरी गंमत इथेच आहे.

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने फिरते. सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती सुमारे २४० किलोमीटरने फिरतो, आणि त्याचा रोख हंस तारकासमूहाकडे आहे. कोणालाही वाटेल की पार्श्वभूमी प्रारणात आपली दिशा हंसाकडेच निघावी आणि वेग साधारण तेवढाच यावा. १९७० च्या दशकात खगोलशास्त्रज्ञांना बहुतांशी तसंच वाटत होतं. त्यांच्या हिशेबात दीर्घिका प्रसरणाबरोबर शांतपणे वाहत होत्या, स्वतःहून फारशा हलत नव्हत्या.

उताराची चाहूल १९६९ पासूनच्या मोजमापांत लागत होती. मग १९७७ मध्ये जॉर्ज स्मूट, मार्क गोरेन्स्टाइन आणि रिचर्ड म्युलर यांनी यू-२ या विमानात, तेच ते हेरगिरीसाठी गाजलेलं विमान, दोन शिंगांचं एक उपकरण बसवलं. एक शिंग आकाशाच्या एका भागाकडे, दुसरं दुसऱ्या भागाकडे, आणि मोजायचा तो फक्त दोघांतला फरक. विमान सुमारे वीस किलोमीटर उंचीवर उडत असल्याने हवेतल्या बाष्पाचा बहुतेक त्रास खाली राहिला. उतार स्वच्छ दिसला. पण दिशा हंसाकडची नव्हती. बरीचशी उलट होती.

याचा अर्थ लावून बघा. सूर्य आकाशगंगेत एका बाजूला धावतोय आणि तरीही एकूण गती जवळजवळ दुसऱ्या बाजूला निघते. म्हणजे अख्खी आकाशगंगाच त्या दुसऱ्या बाजूला सूर्याच्या वेगाहून कितीतरी जोरात चाललेली असली पाहिजे. वजाबाकी केली की आकाशगंगेचा वेग सेकंदाला साडेपाचशे किलोमीटरच्या वर येतो. देवयानी ही शेजारची मोठी दीर्घिका आणि आपली आकाशगंगा एकमेकींकडे सेकंदाला सुमारे ११० किलोमीटरने येतायत, तेही हिशेबात धरलं तर आपल्या स्थानिक समूहाचा, म्हणजे या दोघी आणि आसपासच्या छोट्या दीर्घिकांचा, वेग सुमारे ६२० किलोमीटर होतो. शांत वाहणाऱ्या दीर्घिकांचं चित्र तिथे संपलं. स्मूट यांना पुढे २००६ मध्ये जॉन मॅथर यांच्याबरोबर नोबेल मिळालं, ते कोबेच्या कामासाठी. मला विचाराल तर विमानातलं ते काम काही कमी दर्जाचं नव्हतं.

मग आपल्या समूहाला ओढतंय कोण?

एकच कोणी नाही. १९८० च्या दशकात सात खगोलशास्त्रज्ञांच्या गटाने दीर्घिकांच्या गती मोजल्या तेव्हा सगळ्यांचा ओघ दक्षिणेकडे, नरतुरंगाच्या दिशेला दिसला. त्या जागेला 'महाआकर्षक' असं नाव पडलं. दुर्दैवाने ती नेमकी आपल्याच आकाशगंगेच्या धुळीच्या पट्ट्याआड आहे. क्ष-किरण आणि रेडिओ लहरींनी धुळीपलीकडे पाहिल्यावर तिथे दीर्घिकांचे मोठे समूह सापडले, पण सगळा वेग समजावून सांगण्याएवढं वस्तुमान त्यात नाही. त्याच दिशेला बरंच पुढे, सुमारे ६५ कोटी प्रकाशवर्षांवर शॅपली महासमूह आहे, तोही वाटा उचलतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उलट बाजूच्या एका मोठ्या रिकाम्या प्रदेशाचाही हात दिसला. तिकडे वस्तुमान सरासरीहून कमी, म्हणून तिकडची ओढ कमी, आणि परिणाम असा की जणू तिकडून ढकलल्यासारखी गती दिसते. 'ढकलणं' हे फक्त बोलण्यापुरतं. गुरुत्वाकर्षण ढकलत नाही.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह त्याच वर्षी 'सरस्वती' महासमूह जाहीर केला, त्यामुळे 'आपल्याला सरस्वती ओढतोय का?' असंही विचारतात. नाही. तो मीन राशीच्या दिशेला, चार अब्ज प्रकाशवर्षांवर आहे. आकाराने प्रचंड असला तरी इतक्या लांबून त्याची ओढ नगण्य.

हे विश्वाच्या प्रसरणामुळे नाही का होत?

नाही. प्रसरणात दोन ठिकाणांमधलं अंतर वाढतं, कोणी कोणत्या एका दिशेला जात नाही. नुसत्या प्रसरणाबरोबर वाहणाऱ्याला पार्श्वभूमी प्रारण सगळीकडून सारखं दिसेल. उतार दिसतो तो प्रसरणाच्या वर आपली जी जादाची गती आहे तिच्यामुळे.

पण निरपेक्ष गती नसतेच, असं आइन्स्टाइननी दाखवलं ना? मग 'विश्वाच्या तुलनेत आपला वेग' कसा काय सांगता?

रुपारेल-रुईयाची मुलं हा प्रश्न हटकून विचारतात आणि बरोबरच विचारतात. आइन्स्टाइनचं म्हणणं असं की निसर्गाचे नियम एकसमान वेगाने जाणाऱ्या प्रत्येकासाठी सारखेच असतात, बंद खोलीत बसून कुठल्याही प्रयोगाने 'मी चालतोय' हे ठरवता येणार नाही. इथे आपण खोलीत बसलेलो नाही, खिडकीतून बाहेर बघून एका वस्तूच्या तुलनेत वेग मोजतोय. ती वस्तू म्हणजे सगळं विश्व भरून राहिलेलं प्रारण. नियम कोणासाठीही बदलत नाहीत. फक्त एक चौकट अशी आहे की तिच्यात आकाश सगळीकडे सारखं गरम दिसतं. ती सोयीची आहे, पवित्र नाही.

डॉ. नारळीकर तर महास्फोट मानत नव्हते. त्यांच्या मते हा वेग चुकीचा ठरतो का?

मुंबईत हा प्रश्न यायचाच. जयंत नारळीकर १९७२ पासून १९८९ पर्यंत कुलाब्याच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि त्यांना ऐकलेली मंडळी अजून सभांना येतात. फ्रेड हॉयल आणि जेफ्री बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी मांडलेल्या प्रारूपात या प्रारणाचा उगम वेगळा सांगितला होता. आज बहुसंख्य शास्त्रज्ञ तो उगम मान्य करत नाहीत. पण वेगाच्या हिशेबाला उगमाशी कर्तव्य नाही. प्रारण कुठूनही आलेलं असो, ते सगळ्या दिशांनी सारखं असेल आणि आपण त्यातून धावत असू, तर उतार दिसणारच आणि वेग तोच निघणार.

पृथ्वीची सूर्याभोवतीची गतीसुद्धा दिसते?

दिसते, आणि फार उपयोगी पडते. ३० किलोमीटरमुळे तापमानात ०.२७ मिलिकेल्विनचा फरक पडतो आणि तो वर्षभरात दिशा बदलत राहतो. पृथ्वीचा वेग आपल्याला अगदी नेमका माहीत आहे, म्हणून हा फरक किती यायला हवा हेही नेमकं माहीत असतं. डब्ल्यूमॅप आणि प्लँक या उपग्रहांनी आपली उपकरणं त्यावर बेतून घेतली.

हे सगळं आपल्यापुरतं झालं. लांबच्या दीर्घिकांची गतीही या प्रारणात दिसते का?

दिसते, आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो.

दीर्घिकांच्या मोठ्या समूहात दीर्घिकांपेक्षा जास्त वस्तुमान त्यांच्यामधल्या तप्त वायूचं असतं. तापमान एक ते दहा कोटी अंश, त्यामुळे इलेक्ट्रॉन सुटे. पार्श्वभूमी प्रारण आपल्याकडे येताना या वायूतून जातं. मोठ्या समूहातसुद्धा शंभरातला एखादाच फोटॉन इलेक्ट्रॉनवर आपटतो, बाकीचे तसेच पार होतात. पण त्या एकाने दोन गोष्टी होतात आणि दोन्ही रशीद सुन्यायेव आणि याकोव झेल्डोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी आधीच सांगून ठेवल्या होत्या.

पहिली, तप्त इलेक्ट्रॉन फोटॉनला ऊर्जा देतात. त्यामुळे २१७ गिगाहर्ट्झच्या खालच्या कंप्रतांना तो समूह पार्श्वभूमीवर थंड डागासारखा दिसतो आणि वरच्या कंप्रतांना गरम. यातून वायू किती तप्त ते कळतं, गती नाही. ही खूण मोठी आहे आणि तिच्यावरून हजारो समूह शोधले गेलेत.

दुसरी आपल्या कामाची. अख्खा समूहच आपल्याकडे येत असेल तर त्याच्या इलेक्ट्रॉनांवरून उडालेले फोटॉन जरा गरम होऊन येतात, दूर जात असेल तर जरा थंड. शंभरात एक फोटॉन, सेकंदाला ३०० किलोमीटर वेग, म्हणजे प्रकाशाच्या हजारांश. गुणाकार केला की २७ मायक्रोकेल्विन, तेही भरभक्कम समूहासाठी. छोट्या समूहांत याहून कितीतरी कमी. आणखी अडचण अशी की ही खूण सगळ्या कंप्रतांना सारखीच असते, त्यामुळे प्रारणातल्या मूळच्या ठिपक्यांपासून ती रंगावरून वेगळी काढता येत नाही.

मग मार्ग काढला तो असा. गुरुत्वाकर्षणामुळे जवळचे दोन समूह सरासरीने एकमेकांकडे सरकतात. म्हणून समूहांच्या जोड्या घ्यायच्या आणि जोडीतला लांबचा व जवळचा यांच्या तापमानांतला फरक बघायचा. लांबचा जवळच्याकडे म्हणजे आपल्या दिशेने येतोय, जवळचा आपल्यापासून दूर जातोय. एका जोडीत काही दिसत नाही, पण हजारो जोड्यांची सरासरी काढली की मूळचे ठिपके एकमेकांना खोडतात आणि गतीची खूण उरते. चिलीत अटाकामाच्या वाळवंटात सुमारे ५,२०० मीटर उंचीवर बसवलेल्या सहा मीटर आरशाच्या दुर्बिणीचं निरीक्षण आणि स्लोन या आकाश-सर्वेक्षणातल्या दीर्घिका यांची सांगड घालून २०१२ मध्ये ही खूण पहिल्यांदा पकडली गेली. भाकीत होऊन तीन दशकं झाली होती.

अलीकडे या खुणेचा उपयोग उलट बाजूने होतो. गती आधी दीर्घिकांच्या वाटपावरून अंदाजायची आणि मग वायू किती व कुठवर पसरलाय ते शोधायचं. निष्कर्ष असा निघतोय की वायू कृष्णद्रव्यापेक्षा (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्यापेक्षा) बराच बाहेरपर्यंत फेकला गेलाय. पूर्वी ज्या साध्या, अणूंच्या द्रव्याचा हिशेब जुळत नव्हता त्यातला बराचसा वायू दीर्घिकांच्या भोवताली, असा विरळ पसरून बसलेला आहे.

यूट्यूबवर 'डार्क फ्लो'बद्दल पाहिलं, विश्वाच्या बाहेरून कोणीतरी सगळ्या दीर्घिका ओढतंय म्हणे?

२००८ मध्ये अलेक्झांडर काश्लिन्स्की आणि सहकाऱ्यांनी वर सांगितलेली दुसरी खूण वापरून असा दावा केला होता की शेकडो समूह एकाच दिशेला सेकंदाला ६०० ते १,००० किलोमीटर वेगाने वाहतायत. पुढे प्लँकच्या गटाने जास्त चांगली निरीक्षणं तपासली, तेव्हा असा मोठा ओघ आढळला नाही. दावा करणारे आपल्या मतावर राहिले. मी ते प्रकरण बंद झालंय असं समजतो. व्हिडिओ मात्र चालूच राहतील.

महासमूहातून नुसतं पार होताना प्रारणावर परिणाम होतो का?

होतो, तो गुरुत्वाकर्षणाचा. महासमूह म्हणजे गुरुत्वाचा खड्डा. त्यात उतरताना प्रकाशाला ऊर्जा मिळते, चढताना तेवढीच द्यावी लागते. पण खड्ड्याची रुंदी कोट्यवधी प्रकाशवर्षांची, म्हणजे पार व्हायलाही कोट्यवधी वर्षं. तेवढ्यात कृष्णऊर्जेमुळे, म्हणजे प्रसरणाला वेग देणाऱ्या अज्ञात ऊर्जेमुळे, विश्वाचं प्रसरण वाढून खड्डा उथळ होतो. उतरताना मिळालेलं जास्त, चढताना गेलेलं कमी, प्रकाश थोडा गरम होऊन बाहेर पडतो. मोठ्या पोकळीतून गेला तर उलट.

रायनर सॅक्स आणि आर्थर वूल्फ यांनी १९६७ मध्ये याचा पाया घातला. २००३-०४ मध्ये डब्ल्यूमॅपचा नकाशा आणि दीर्घिकांचे नकाशे एकमेकांवर ठेवून पाहिल्यावर खूण सापडली. ती क्षीण आहे. पण विश्वात फक्त द्रव्य असतं आणि अवकाश सपाट असतं तर ही खूण मोठ्या प्रमाणावर दिसायलाच नको होती, म्हणून तिला किंमत. मोठा समूह आपल्या दृष्टिरेषेला आडवा सरकत असेल तरी त्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला तापमानात अतिसूक्ष्म फरक पडावा, असंही गणित १९८३ पासून आहे.

प्रारण निघालं त्या वेळी काही हलत होतं का?

खूप. तेव्हा सगळं विश्व प्रकाश आणि प्लाझ्मा (सुट्या इलेक्ट्रॉनांचा तप्त वायू) यांचं एकजीव मिश्रण होतं आणि त्यात ध्वनिलहरी चालू होत्या, प्रकाशाच्या निम्म्याहून थोड्या जास्त वेगाने जाणाऱ्या. प्लाझ्मा कुठे दाटत होता, कुठे विरळ होत होता आणि या दोन्हींच्या मधल्या क्षणी सगळ्यात वेगाने सरकत होता. त्या नकाशातले ठिपके साधारण एका अंशाचे, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट रुंद दिसतात, ते याच लहरींमुळे. सरकणाऱ्या प्लाझ्माची खूण प्रारणाच्या ध्रुवीकरणात, म्हणजे त्याच्या लहरी कोणत्या दिशेत कंप पावतात त्यात, स्पष्ट वाचता येते. ते ध्रुवीकरण २००२ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या उपकरणाने पहिल्यांदा टिपलं.

संपूर्ण विश्वच गरगर फिरत असेल तर?

तर प्रारणाच्या नकाशात पीळ पडलेला दिसला असता. शोधून झालं, दिसला नाही.

आपण चषकाकडे चाललोय, याचा पत्रिकेवर परिणाम?

नाही.

नारायणगावची मोठी दुर्बीण हे मोजते का? आणि मुंबईतून मोजता येईल?

ती नारायणगावजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण जीएमआरटी, टीआयएफआरनेच उभारली आहे, पण ती वीतभर ते मीटर-दोन मीटरच्या लहरींसाठी. पार्श्वभूमी प्रारण सगळ्यात जास्त मिळतं ते एक-दोन मिलिमीटरच्या आसपास. हवेतलं बाष्प नेमक्या याच लहरी गिळतं आणि स्वतःही त्याच लहरी सोडतं. मुंबईच्या हवेबद्दल अधिक सांगायला नको. म्हणून अटाकामा, दक्षिण ध्रुव, नाहीतर थेट अंतराळ. 'सीएमबी-भारत' नावाच्या उपग्रहाचा प्रस्ताव भारतीय शास्त्रज्ञांनी इस्रोपुढे ठेवलेला आहे.

गच्चीवर जुनी दूरदर्शनची अँटेना अजून असेल तर एवढं सांगता येईल की चॅनेल नसताना पडद्यावर जी खरखर दिसायची तिच्यातला सुमारे एक टक्का या प्रारणाचा होता.

द्विध्रुव आपल्या गतीमुळेच आहे, हे कशावरून? तो विश्वातच असेल तर?

फार चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर आज अर्धवट आहे.

एक पुरावा प्रारणातच सापडतो. आपण धावत असलो तर समोरचे ठिपके थोडे दाटीने दिसले पाहिजेत आणि मागचे थोडे विखुरलेले. आपल्या वेगाला हा सरकाव जास्तीत जास्त चार कलांचा, म्हणजे चंद्राच्या रुंदीच्या सुमारे सातव्या भागाएवढा. प्लँकच्या गटाने २०१३ मध्ये तो शोधला आणि वेग आला ३८४ किलोमीटर. मोजमापातली अनिश्चितता मोठी आहे, पण ३७० शी जुळतं.

दुसरी कसोटी प्रारणाला हातच लावत नाही. जॉर्ज एलिस आणि जॉन बाल्डविन यांनी १९८४ मध्ये सुचवलं की अतिदूरच्या रेडिओस्रोतांची नुसती मोजदाद करा. धावण्याच्या दिशेला ते थोडे जास्त भरले पाहिजेत. अहमदाबादच्या पीआरएल या भौतिकी संशोधन संस्थेतल्या अशोक सिंगल यांनी २०११ मध्ये ही मोजदाद केली तेव्हा दिशा तीच आली, पण वेग कितीतरी जास्त. रेडिओस्रोतांच्या यादीत दोष असेल असं म्हणून बऱ्याच जणांनी खांदे उडवले. २०२१ मध्ये नेथन सेक्रेस्ट आणि सहकाऱ्यांनी वाइज उपग्रहाच्या यादीतले तेरा लाखांहून जास्त क्वासार (अतिदूरच्या दीर्घिकांची अतिशय तेजस्वी केंद्रं) मोजले, म्हणजे वेगळं उपकरण, वेगळ्या लहरी, वेगळ्या वस्तू. दिशा पुन्हा जवळपास तीच. फरक अपेक्षेच्या दुपटीहून जास्त.

ठरलेलं काही नाही. याद्यांमध्ये धुळीमुळे किंवा निरीक्षणाच्या पद्धतीमुळे खोटा उतार शिरू शकतो आणि तो शोधायचं काम चालू आहे. पण दिशा प्रत्येक वेळी सिंह-चषकाच्या आसपासच का यावी, याचं समाधानकारक उत्तर निव्वळ दोष दाखवून मिळत नाही. माझा कल अजून 'यादीत काहीतरी निसटतंय' याकडे आहे. मात्र हा फरक खरा निघाला तर मोठ्या अंतरावर विश्व सगळीकडे सारखं आहे हे गृहीतकच पुन्हा तपासावं लागेल. चिलीतली रुबिन वेधशाळा आणि ज्यात भारतही भागीदार आहे तो एसकेए हा रेडिओ दुर्बिणींचा प्रकल्प यांच्याकडून कोट्यवधी वस्तूंच्या नव्या याद्या मिळतील, तेव्हा ही मोजदाद पुन्हा होईल.

मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी यातलं काही करता येईल का?

नववी-दहावीच्या गणितात बसेल असं देतो. द्विध्रुव ३.३६२ मिलिकेल्विन, सरासरी तापमान २,७२५.५ मिलिकेल्विन, प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर. पहिल्याला दुसऱ्याने भागून तिसऱ्याने गुणायचं. मग तेच उलट करून पृथ्वीच्या सेकंदाला २९.८ किलोमीटर वेगामुळे तापमान किती बदलेल ते काढायचं. बारावीत असेल आणि सदिश शिकली असेल तर सूर्याचा वेग वजा करून आकाशगंगेचा काढायला सांगा. प्रारणातली दिशा : दीर्घिकीय (आकाशगंगेच्या पट्ट्याला आधार धरून मोजलेले) रेखांश २६४ अंश, अक्षांश ४८ अंश. सूर्य : रेखांश ९० अंश, अक्षांश शून्य, वेग २४०. उत्तर साडेपाचशेच्या आसपास यायला हवं. तीनशेच्या खाली आलं तर वजा करायच्या ऐवजी बेरीज केली असेल.